पाळी येत नाही आणि मसाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी बायकांना मसाज देते. फोनवर सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य एकच असतं : "पाळी आलेली नाही, पोट चोळून द्याल का?" तोंडी सांगताना दर वेळी काही ना काही राहून जातं, म्हणून इथे लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. जे डॉक्टरांचं आहे ते डॉक्टरांकडेच पाठवते, आणि यातलं बरंचसं डॉक्टरांचंच आहे.

मसाजने थांबलेली पाळी परत येते का?

नाही. दाबून, चोळून किंवा तेल जिरवून पाळी 'आणता' येते याला भरवशाचा पुरावा नाही. 'पाच सीटिंगमध्ये पाळी' अशी हमी कोणी देत असेल तर तिथे जाऊ नका, हे मी माझा धंदा तोच असूनही सांगते. मसाजने झोप सुधारते, आखडलेलं अंग मोकळं होतं, मन थोडं निवतं. पाळी ताणामुळे थांबली असेल तर या सगळ्याचा आडून उपयोग होऊ शकतो. कारण दुसरं असेल तर तुम्हाला बरं वाटेल आणि पाळी होती तिथेच राहील. खरी गोम इथेच आहे : बरं वाटतंय म्हणून तपासणी पुढे पुढे ढकलली जाते.

किती दिवस आली नाही म्हणजे 'थांबली' म्हणायची?

मोठ्या वयात २१ ते ३५ दिवसांचं चक्र नेहमीचं धरतात. एखाद्या महिन्यात आठवडा-दहा दिवस पुढेमागे झालं तर ती पाळी लांबली, थांबली नाही. ज्यांची पाळी नियमित होती त्यांना सलग ३ महिने आली नाही, किंवा ज्यांची मुळातच अनियमित होती त्यांना ६ महिने आली नाही, तर तपासणी करायचीच.

मुलींचं गणित वेगळं. १५ वर्षं पूर्ण झाली आणि पहिली पाळीच आली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. १३ व्या वर्षापर्यंत छातीची वाढही सुरू झाली नसेल तर १५ ची वाट बघू नका. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं चक्र ४५ दिवसांपर्यंत लांबणं चालतं.

मसाजच्या आधी प्रेग्नन्सी टेस्ट का करायला लावता? मला माहीत आहे मला दिवस गेलेले नाहीत.

हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. सुरुवातीच्या काळात एक बाई आल्या होत्या, वय ४२. चार महिने पाळी नव्हती, पाळी जायची वेळ झाली असं त्यांनी धरूनच टाकलं होतं, आणि मीही मान डोलावली. दोन वेळा ओटीपोटावर चांगला दाब देऊन मसाज केला. तिसऱ्या वेळी जांघेच्या हाडाच्या वर हाताला काहीतरी टणक, गोल लागलं. हात तिथेच थांबला. त्यांना तसंच डॉक्टरकडे पाठवलं. चौथा महिना चालू होता. पुढे सगळं सुखरूप पार पडलं, पण मला कित्येक रात्री झोप नीट लागली नाही. तेव्हापासून नियमच करून टाकला : आधी टेस्ट, मग टेबल.

पाळी चुकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण गर्भधारणाच असतं. स्तनपान चालू असताना, चाळिशीनंतर, पीसीओएस (अंडाशयातून बीज वेळेवर न सुटण्याचा हार्मोन्सचा बिघाड) असताना, गर्भनिरोधक गोळी घेत असतानासुद्धा दिवस राहू शकतात. पाळीची तारीखच ठाऊक नसेल तर शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर २१ दिवसांनी केलेली टेस्ट भरवशाची मानतात. नकारात्मक आली आणि पाळी तरीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. कधी संबंधच आलेला नाही असं जी सांगते, तिला याबद्दल विचारताना मी दार बंद करते आणि बरोबर आलेल्यांना बाहेर बसवते. खरं उत्तर मिळण्याचा दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

पाळी थांबते म्हणजे शरीरात नक्की काय होतं?

आपल्याला वाटतं की पाळीचा कारभार ओटीपोटात चालतो. तो सुरू होतो डोक्यात. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने एका हार्मोनचे छोटे छोटे झटके सोडतो. ते त्याच्या खाली लटकलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीला पोहोचतात. ती रक्तात एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन्स सोडते. त्यांच्या सांगण्यावरून अंडाशयात स्त्रीबीज वाढतं आणि इस्ट्रोजेन तयार होतं. त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं. गर्भ राहिला नाही की ते ओसरतं, आणि अस्तर गळून बाहेर येतं. पाळी म्हणजे या साखळीची शेवटची कडी.

म्हणून पाळी न येण्याचं कारण कुठल्या कडीत अडकलंय हे कळल्याशिवाय उपाय ठरवताच येत नाही. अगदी वर अडकलं असेल तर कारण ताण, कमी खाणं, अतिव्यायाम, वजन झपाट्याने उतरणं. पिट्युटरीत अडकलं असेल तर बहुतेकदा प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) वाढलेलं असतं. ते ग्रंथीतल्या छोट्या, कर्करोग नसलेल्या गाठीमुळे वाढतं, तसंच उलटीवरच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही वाढतं. थायरॉइड बिघडलं तरी साखळी हलते. अंडाशयात अडकलं असेल तर पीसीओएस, किंवा अंडाशयांनी चाळिशीच्या आतच काम थांबवणं. हे साधारण शंभरात एकीच्या बाबतीत होतं. शेवटी गर्भाशय : क्युरेटिंगनंतर (पिशवी साफ केल्यावर) किंवा क्षयाच्या संसर्गामुळे आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्या तर हार्मोन्स ठीक असूनही रक्त येत नाही. काही मुलींना जन्मतःच गर्भाशय नसतं (साधारण ५,००० मध्ये एक), तर टर्नर सिंड्रोममध्ये (साधारण २,५०० मुलींमध्ये एक) अंडाशयं नीट घडलेलीच नसतात.

आता सांगा, यातल्या किती कड्यांपर्यंत माझा हात पोहोचणार?

मग मसाजचा उपयोग नक्की कुठे होतो?

पहिल्या कडीपाशी, आणि तोही आडून. शरीर जेव्हा समजतं की हा काळ मूल वाढवायचा नाही, भूक आहे, धावपळ आहे, भीती आहे, तेव्हा हायपोथॅलॅमस आपले झटके मंदावतो. याला बिघाड म्हणण्यापेक्षा काटकसर म्हणावं. परीक्षा, नोकरी जाणं, घरातलं मरण, घटस्फोट, परक्या ठिकाणी एकटीने राहणं, यानंतर पाळी गायब झालेल्या बायका मी पाहिल्यात. बऱ्याचदा त्याच काळात खाणंही कमी झालेलं असतं. ते त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं.

ताण उतरवून पाळी परत येऊ शकते याचा एक छान दाखला आहे, पण तो मसाजचा नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात अशा प्रकारे पाळी थांबलेल्या १६ स्त्रिया होत्या. त्यातल्या ८ जणींना २० आठवडे सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धत) पद्धतीचं समुपदेशन दिलं : खाणं, व्यायाम, स्वतःकडून ठेवलेल्या अपेक्षा यांवर बोलणं. ८ पैकी ६ जणींचं स्त्रीबीज पुन्हा सुटू लागलं. नुसतं लक्ष ठेवलेल्या ८ जणींत ते एकीच्याच बाबतीत झालं. आकडे छोटे आहेत. पण मेंदूकडून आलेला अडसर मेंदूच्या वाटेनेच निघू शकतो एवढं त्यातून दिसतं.

मसाजबद्दल काय ठाऊक आहे? २००४ साली बऱ्याच चाचण्या एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात दिसलं की एका मसाजने त्या वेळेपुरती घबराट, रक्तदाब आणि नाडी खाली येते, आणि अनेक बैठका झाल्यावर चिंतेचा स्वभाव आणि उदासी यांत चांगला फरक पडतो. 'मसाजने कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) उतरतं' ही ओळ मात्र जाहिरातींना फार प्रिय आहे. पुढे २०११ साली तेवढ्याच मुद्द्याची छाननी झाली तेव्हा तो परिणाम अगदी नगण्य निघाला. म्हणजे मसाज मनाला उतार देतो, पण तो याच हार्मोनमार्फत आणि याच मोजमापात, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. मी तसं म्हणत नाही. झोप लागली, भूक लागली, खांदे कानांपासून खाली आले, एवढं झालं तर माझं काम झालं असं मी समजते.

पोटाच्या मसाजने गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढतो ना?

त्वचेचा वाढतो, लालसर झालेली दिसतेच. गर्भार नसलेलं गर्भाशय मुठीएवढं, सात-आठ सेंटिमीटर लांब असतं आणि जांघेच्या हाडामागे खोल बसलेलं असतं. माझा हात आणि ते यांच्यामध्ये कातडी, चरबी, स्नायू, आतडी आणि मूत्राशय असतं. आणि मुळात रक्तपुरवठा कमी पडला म्हणून पाळी थांबलेली नसते.

पाळी येत नाही म्हणजे ते रक्त अंगातच साठत असेल. ते बाहेर काढायला नको का?

ही भीती इतकी खोल रुजलेली आहे की मी उत्तर दिल्यावरही बायका "पण तरी..." म्हणतात. साधारणपणे काहीही साठत नाही. अस्तर वाढलंच नाही तर गळायला काही नसतं. गोळी घेणाऱ्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईच्या पोटात महिन्याचं रक्त कुठे कोपऱ्यात पडून राहिलेलं नसतं.

दोन अपवाद मात्र जरूर लक्षात ठेवा, कारण दोन्हीत चोळून उपयोग नाही. पहिला : वयात आलेली मुलगी, छाती-केस सगळं वयाप्रमाणे, पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला चार-पाच दिवस ओटीपोट दुखतं आणि ते दुखणं दर वेळी वाढत जातं. योनीमार्ग पडद्याने जन्मतःच बंद असेल तर रक्त खरोखरच आत साठतं. यावर छोटी शस्त्रक्रिया हाच इलाज आहे. अशा मुलीच्या पोटाला मी हात लावत नाही. दुसरा अपवाद पीसीओएसचा, तो पुढे आहे.

माझ्या मैत्रिणीला तीन मसाजनंतर पाळी आली. ते कसं?

आली असणार. अनियमित पाळी येते तीही न सांगता. कुणाचं चक्र ५० दिवसांचं, कुणाचं ८० दिवसांचं. माणूस उपाय शोधायला लागतं ते बरोबर वाट बघून कंटाळल्यावर, म्हणजे पाळी तशीही जवळ आलेली असताना. श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं. मलाही असं श्रेय अनेकदा मिळालंय, मिठाईसुद्धा मिळालीय. मिठाई खाल्ली, श्रेय घेतलं नाही.

मला पीसीओएस आहे. मसाज घेऊ का?

घ्या, अंगाला बरं वाटण्यासाठी. पण पाळीसाठी डॉक्टरांचा सल्ला सोडू नका. पीसीओएसमध्ये बीज वेळेवर सुटत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र असतं. त्याच्या जोरावर अस्तर वाढत राहतं आणि त्याला गळायचा निरोपच मिळत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं तर अस्तर विकृत जाड होऊन गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून तीन-चार महिन्यांतून एकदा तरी रक्तस्राव व्हावा असं डॉक्टर बघतात, आणि त्यासाठी गोळ्या देतात. इथे 'गोळ्यांनी सवय लागते, मी मसाजनेच बघते' हा हट्ट महागात पडू शकतो.

वजन जास्त असेल तर ते थोडं, म्हणजे पाच-दहा टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींचं चक्र सुधारतं. पोटावर चोळल्याने चरबी वितळते हा समज मात्र सोडून द्या. अंडाशयावर मोठी गाठ असल्याचं सोनोग्राफीत आलं असेल तर आधी सांगा. मी तिथे दाब देत नाही. पीसीओएसमध्ये दिसणारे बारीक मणी म्हणजे अर्धवट वाढलेली बीजकोटरं. ती फोडायची नसतात, आणि मसाजने फुटतही नाहीत.

मी धावते, वजन कमी आहे, वर्षभर पाळी नाही. आठवड्याला मसाज घेतला तर?

आधी जेवण. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला 'खेळातला सापेक्ष ऊर्जा तुटवडा' अशा अर्थाचं नाव दिलं : जेवढं खर्च होतं तेवढं पोटात जात नाही, आणि शरीर जे परवडत नाही ते बंद करतं. पाळी त्यात पहिल्या काही गोष्टींत जाते. वजन काट्यावर 'बरोबर' दिसत असूनही हे होऊ शकतं. इलाज म्हणजे जास्त खाणं आणि काही काळ कमी पळणं. ऐकायला सोपं वाटतं. धावणाऱ्या मुलीला ते सांगून बघा.

अशा मुली माझ्याकडे मसाज मागतात तो पाय हलके करून दुसऱ्या दिवशी पुन्हा पळता यावं म्हणून. तेव्हा मी सरळ विचारते : दुखणं घालवायचंय की दुखण्याकडे दुर्लक्ष करायचंय? इस्ट्रोजेन कमी राहिलं की हाडं ठिसूळ होतात आणि पायाच्या हाडाला बारीक चीर पडू शकते. नडगीवर एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर तो मसाजचा विषय राहत नाही. हाडं कमकुवत असतील तर खोल दाब, कोपराने दाबणं, पाठीवर जोर देणं, सगळं बंद. जेवणाचीच भीती बसली असेल, आरशात जाडच दिसत असाल, तर मानसोपचाराची मदत घ्या. तिथे मसाज सोबतीला राहू शकतो.

गर्भनिरोधक चालू आहे आणि पाळी बंद झाली. काळजी करू?

बहुतेक वेळा नाही. तीन महिन्यांचं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी वर्षभरात साधारण निम्म्या जणींची पाळी बंद होते. हार्मोन असलेलं साधन गर्भाशयात बसवलं असेल तर वर्षभरात साधारण पाचात एकीची. अस्तर पातळ राहतं, बाकी काही नाही. इंजेक्शन सोडल्यावर पाळी यायला कित्येक महिने लागू शकतात. साधी, तांब्याची कॉपर टी असेल तर मात्र पाळी बंद होत नाही. चुकली तर टेस्ट करा.

बाळंतपणानंतर पाळी आलेली नाही. बाळंतिणीला मसाज चालतो ना?

चालतो, आणि बाळंतिणीला त्याची गरजही असते. अंगावर पाजत असाल तर पाळी न येणं हे नैसर्गिक आहे, त्यासाठी वेगळा मसाज नको. एक गैरसमज तेवढा दूर करते : पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. बीज आधी सुटतं, पाळी दोन आठवड्यांनी येते. स्तनपानाचा भरवसा धरायचा तर तीन अटी एकदम जुळाव्या लागतात : बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी एकदाही आलेली नाही. यातली एक जरी सुटली तरी दुसरं साधन हवं.

बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, त्यानंतर दूध उतरलंच नाही, सतत थकवा आणि थंडी वाजते, पाळीही नाही, असं असेल तर पिट्युटरीला इजा झालेली असू शकते. हे लक्षात यायला कधी कधी वर्षं जातात, कारण 'बाळंतपणाने खंगली' म्हणून सगळे सोडून देतात. गर्भपातानंतर पिशवी साफ केली आणि तेव्हापासून पाळी नाही, हेही डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

घोट्याजवळचा बिंदू दाबला की पाळी येते असं वाचलंय.

आतल्या घोट्याच्या टोकापासून चार बोटं वर, नडगीच्या हाडामागे तो बिंदू आहे. पाळीच्या दिवसांतल्या दुखण्यासाठी काही जणींना त्याने आराम पडतो. न आलेली पाळी आणण्याबद्दल तसं म्हणता येत नाही. हा बिंदू गर्भारपणात दाबू नये अशी जुनी रीत त्या शास्त्रात आहे. त्यामुळे पाळी चुकली म्हणून तोच दाबत बसणं मला उफराटं वाटतं.

सुगंधी तेलं?

वास आवडत असेल तर मसाजच्या तेलात दोन-चार थेंब. पोटात घ्यायची नाहीत, कुठलंच, कितीही 'शुद्ध' असलं तरी. 'हार्मोन संतुलन' असं बाटलीवर छापायला खर्च येत नाही.

मसाज कधी घेऊच नये?

ताप असेल तर नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखते : नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. पाळीच्या उपचारासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असतील तर ही शक्यता थोडी वाढते, म्हणून हे मी प्रत्येकीला सांगते. पोटात गोळा हाताला लागतो आणि त्याचं कारण ठाऊक नाही, नुकतं सिझेरियन किंवा पोटाचं ऑपरेशन झालंय, हर्निया आहे : पोटावर दाब नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर हात हलका, नाहीतर काळेनिळे वण उठतात.

आणि ज्यांना स्पर्शच नको वाटतो, त्यांनी 'उपचार आहे' म्हणून सहन करू नका. अंगावर झालेल्या जबरदस्तीची आठवण कित्येकींच्या मनात स्पर्शाने जागी होऊ शकते. ताण कमी करण्यासाठी घेतलेल्या मसाजने ताणच वाढत असेल तर तो थांबवायचा, एवढं साधं आहे.

तुमच्याकडे एक बैठक कशी असते? किती वेळा यावं लागतं?

पहिली पंधरा मिनिटं नुसतं बोलणं : शेवटच्या पाळीची तारीख, औषधं, झोप, जेवण, वजनातला बदल, ऑपरेशनं. मग साधारण तासभर. पाठ, मान, खांदे, कंबर, माकडहाडाचा भाग, पाय. लांब, सावकाश, एका लयीतले हात. पोट शेवटी आणि विचारूनच. नको म्हटलं तर नाही. पोटावर दाब देत नाही, तळहात ठेवून श्वासाबरोबर वर-खाली जाऊ देते. बऱ्याच जणींना तिथेच लक्षात येतं की आपण पोट सतत आत ओढून धरलेलं असतं.

आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, हा माझा बेत. सहा आठवड्यांत झोप किंवा अंगदुखी यात काहीच फरक नसेल तर मी पुढच्या तारखा देत नाही. 'पाळी येईपर्यंत चालू ठेवू' असला करार तर कधीच नाही.

घरी स्वतःला करता येईल का?

येईल. पाठीवर झोपा, गुडघ्यांखाली उशी घ्या. तळहात एकमेकांवर घासून गरम करा, थोडं साधं तेल घ्या. बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे तुमच्या उजवीकडून वर, बरगड्यांखालून आडवं, डावीकडून खाली, असा सैल हात फिरवा. ही मोठ्या आतड्याची दिशा आहे. पोट साफ व्हायला मदत होते, गर्भाशयाशी तिचा संबंध नाही. पाच-सात मिनिटं पुरे. दुखलं तर थांबा. गर्भार असण्याची शंका असेल तर करूच नका. दुसरं कुणी असेल तर त्यांच्याकडून नुसती पावलं चोळून घ्या. पोटापेक्षा पावलांनी जास्त झोप लागते असा माझा अनुभव आहे.

डॉक्टर काय तपासतात?

आधी गर्भधारणा. मग रक्तातून टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन, एफएसएच, इस्ट्रोजेन. हनुवटीवर केस, मुरमं असतील तर पुरुषी हार्मोन्स. सोनोग्राफी. कधी पाच ते दहा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन बघतात : थांबवल्यावर साधारण आठवडाभरात रक्त आलं तर अस्तर आणि वाट दोन्ही जागेवर आहेत, अडचण बीज सुटण्यात आहे, असा अंदाज येतो. हे 'आलेलं' रक्त म्हणजे आजार बरा झाला असं नव्हे. गरज पडली तर डोक्याचा एमआरआय, लहान मुलींत गुणसूत्रांची तपासणी, आणि पाळी बराच काळ बंद असेल तर हाडांची घनता.

मला मूल नकोय, पाळीचा त्रासही नको. नाही आली तर बरंच की?

भावना कळते. पण कारण बघा. साधनामुळे बंद असेल तर खुशाल बंद राहू दे. इस्ट्रोजेन संपल्यामुळे बंद असेल तर तिशीत हाडं साठीची होऊ लागतात, योनीत कोरडेपणा येतो, आणि पुढे हृदयालाही त्याची झळ लागते. पाळी नको असेल तरी ते इस्ट्रोजेन हवंय. ४५ च्या आत पाळी गेली, अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, असं असेल तर 'लवकर सुटले' म्हणू नका. ४५ ते ५५ या वयात सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात, आणि त्यानंतर कधीही रक्त दिसलं तर ते लगेच दाखवायचं.

कोणत्या लक्षणांत मसाजची वेळ रद्द करून आधी डॉक्टर?

पाळी चुकलेली आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, खांद्यात कळ जातेय : ताबडतोब दवाखाना, गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. वारंवार डोकेदुखी आणि बाजूचं दिसेनासं होणं. मूल पाजत नसताना स्तनातून दूध. आवाज घोगरा होणं, केस झपाट्याने वाढणं. मी मसाज रद्द झाल्याचे पैसे अशा वेळी घेत नाही.

मसाज चालू असतानाच पाळी आली तर?

यायला हरकत नाही. टॉवेल अंथरलेला असतो, पोट वगळू, किंवा पुढच्या आठवड्यावर टाकू. तारीख लिहून ठेवा, किती दिवस आणि किती गेलं तेही. पुढच्या वेळी डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारणार आहेत.